फाल्क्स: विळ्यापासून हिवतापापर्यंत

लॅटिन कोशात ‘फाल्क्स’ हा शब्द काढला की समोर अर्थ येतो विळा. अर्थ चुकीचा नाही, पण अपुरा आहे. आपण विळा, कोयता, आकडी यांना वेगवेगळ्या नावांनी ओळखतो. रोमन शेतकऱ्याला मात्र आतून धार असलेलं कोणतंही वाकडं पातं म्हणजे फाल्क्सच. मग काम ओळखायचं ते विशेषणावरून: गवताला ‘फेनारिआ’, झाडं छाटायला ‘आर्बोरारिआ’, द्राक्षवेलींना ‘विनितोरिआ’.

यातलं वेलींचं अवजार मोठं करामती. इसवी सनाच्या पहिल्या शतकात शेतीवर लिहिणाऱ्या कोलुमेलाने त्याचे सहा भाग नावानिशी सांगितले आहेत. दांड्यालगतचा सरळ धारेचा भाग म्हणजे सुरी, मग वळण, वळणापुढे पटाशी, त्यापुढे वाकलेली चोच, चोचीवर अर्धचंद्रासारखी छोटी कुऱ्हाड आणि तिचं पुढे आलेलं टोक. आपल्याकडे ओढायचं तर वळण, पुढे ढकलायचं तर पटाशी, घाव घालायचा तर कुऱ्हाड. हातातलं पातं न बदलता माळी सगळी वेल नीट करी. नाशिकच्या द्राक्षबागाइतदाराला हे वर्णन वाचून हेवा वाटावा.

हा शब्द आला कुठून? इ. स. पूर्व पहिल्या शतकातल्या वार्रो या रोमन विद्वानाने तो ‘फार’ या धान्याच्या नावाशी जोडला. आजचे भाषाशास्त्रज्ञ ते मानत नाहीत, आणि मूळ कोणतं यावर त्यांचंही एकमत नाही. वार्रोने जाता जाता केलेली नोंद मला त्याच्या व्युत्पत्तीपेक्षा मोलाची वाटते. इटलीतल्या काम्पानिआ भागातले लोक याच अवजाराला ‘सेकुला’ म्हणतात, ‘सेकारे’ म्हणजे कापणे यावरून, असं तो सांगतो. ही सेकुला पुढे लागणार आहे.

खुद्द रोम शहरात पुण्याच्या तांबट आळीसारखी विळे घडवणाऱ्यांची आळी होती. इ. स. पूर्व ६३ मध्ये सिसेरो या वक्त्याने भर सभेत, सत्ता उलथवण्याचा कट रचणाऱ्या काटिलिनाला सुनावलं, की तू परवा रात्री त्या आळीत लाएकाच्या घरी गेला होतास. कटाची बैठक तिथेच झाली होती.

युद्धातही हे पातं होतंच. तटाचे दगड ओढून काढायला लांब काठीवर बसवलेला फाल्क्स वापरत. इ. स. पूर्व ५६ मध्ये वेनेती या समुद्रावरच्या लोकांशी लढताना सीझरच्या आरमाराने तशाच आकड्यांनी शत्रूच्या गलबतांचे दोर पकडले आणि वल्ही मारून ते तोडले. शिडं कोसळली, आणि शिडांवरच चालणारी ती गलबतं जागच्या जागी अडकली. पुढे सम्राट ट्राजनच्या युद्धांत (इ. स. १०१ ते १०६) डाशियन योद्ध्यांचं दोन हातांनी चालवायचं वाकडं पातं रोमनांच्या वाट्याला आलं. त्यालाही नाव तेच, फाल्क्स. आजच्या रुमानियातल्या आदामक्लिसीच्या विजयस्मारकावर ते कोरलेलं दिसतं.

साम्राज्य गेलं तरी शब्द टिकला. इटालियनमध्ये ‘फाल्चे’, फ्रेंचमध्ये ‘फो’, पोर्तुगीजमध्ये ‘फोइस’. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘देफाल्कारे’ म्हणजे कापून कमी करणे. त्यातूनच इंग्रजीतला ‘डिफाल्केशन’ म्हणजे अपहार, हिशेबतपासनिसांच्या ओळखीचा. मेंदूच्या दोन अर्धांमध्ये उभ्या असलेल्या पडद्याला वैद्यक आजही ‘फाल्क्स सेरेब्री’ म्हणतं. तिथे कापण्याचा संबंध नाही, उरला आहे तो आकार.

आकारावरूनच १८९७ मध्ये विल्यम वेल्च यांनी हिवतापाच्या एका परजीवीला ‘फाल्सिपेरम’ म्हटलं, म्हणजे विळा धारण करणारा. रक्तातली त्याची एक अवस्था चंद्रकोरीसारखी दिसते. १९१० मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी विळ्याच्या आकाराच्या लाल पेशींचं वर्णन केलं. सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या इंग्रजी नावातला ‘सिकल’ म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते त्याच काम्पानिअन सेकुलेचा वंशज. सिकलसेलचं एकच जनुक असलेल्या माणसाला फाल्सिपेरमच्या जीवघेण्या तापापासून बरंच संरक्षण मिळतं. गडचिरोलीच्या आरोग्य केंद्रांत हे दोन्ही शब्द रोजचे आहेत.