इफुगाओची भातखाचरे

इफुगाओची भातखाचरे : फिलिपीन्समधील लूझॉन बेटाच्या उत्तर भागात, कॉर्दिलेरा पर्वतरांगेच्या उतारांवर बांधलेली पाणथळ भातशेती. इफुगाओ प्रांतातील बानावे, मायोयाओ, हुंगदुआन आणि कियांगान या तालुक्यांत ती प्रामुख्याने आढळते. खाचरांची उंची समुद्रसपाटीपासून साधारणपणे ७०० ते १,५०० मी. आहे. पूर्वीच्या माउंटन प्रांतापासून वेगळा होऊन इफुगाओ १९६६ मध्ये स्वतंत्र प्रांत झाला. त्याचे मुख्य ठाणे लागावे येथे आहे. युनेस्कोने १९९५ मध्ये येथील पाच खाचरसमूहांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. बटाड, बांगाआन, मायोयाओ, हुंगदुआन आणि नागाकादान हे ते पाच समूह होत. फिलिपीन्सच्या वीस पेसोंच्या नोटेवर छापलेली आणि बानावे गावाजवळच्या सज्जांवरून बहुतेक पर्यटक पाहतात ती खाचरे या पाचांत मोडत नाहीत. तीही वारसा यादीत आहेत असे समजण्याचा घोळ प्रवासवर्णनांतच नव्हे, तर काही संदर्भग्रंथांतही शिरलेला आहे.

‘इफुगाओ’ हे नाव ‘इपुगो’ या शब्दावरून आले, असे सामान्यतः मानतात. ‘पुगो’ म्हणजे टेकडी आणि ‘इ’ म्हणजे ‘-चा रहिवासी’. त्यावरून टेकडीवरचे लोक असा अर्थ निघतो. ‘पुगाव’ म्हणजे मर्त्यलोक, त्यात राहणारे ते इफुगाओ, अशी दुसरी व्युत्पत्ती सांगितली जाते. मातुंगुलान या देवाने माणसाला दिलेल्या भाताच्या दाण्याशी नावाचा संबंध जोडणारी तिसरी परंपरा आहे. भाषिक दृष्ट्या पहिली व्युत्पत्ती अधिक सरळ वाटते. तिसरी भातानेच घडवलेल्या समाजाची स्वतःविषयीची समजूत दाखवते, म्हणून तीही नोंदवण्याजोगी आहे.

रचना : कोकणात आणि मावळात उतारावर बांध घालून मजगी करतात, तिच्याशी या खाचरांचे तत्त्व जुळते; मात्र उताराची तीव्रता आणि भिंतींची उंची यांत मोठा फरक आहे. बटाड व हुंगदुआन येथे भिंती दगडी आहेत, तर काही ठिकाणी मातीचे बांध आहेत. खाचराला स्थानिक भाषेत ‘पायो’ म्हणतात. खाचरांच्या वरच्या डोंगरमाथ्यावर ‘मुयोंग’ म्हणजे कुटुंबाच्या मालकीचे राखीव रान असते. सरपण, घराचे लाकूड, वेत आणि औषधी वनस्पती तेथून येतात. पावसाचे पाणी धरून ते झऱ्यांवाटे वर्षभर खाली सोडणे हे या रानाचे खरे काम. ते पाणी पाटांनी आणि बांबूच्या पन्हळींनी वरच्या खाचरातून खालच्या खाचरात उतरत जाते. परंपरेने मुयोंग आणि त्याखालची खाचरे एकत्रच, बहुधा थोरल्या अपत्याकडे, वारशाने जातात. रान तुटले की पाणी आटते, खाचराच्या तळाची माती तडकते आणि पुढच्या पावसात भिंत ढासळते. खाचरांचे वर्णन ‘दगडी पायऱ्या’ असे करून थांबणारे लेखन या साखळीचा वरचा अर्धा भाग गाळते.

कालनिर्णय : खाचरे दोन ते तीन हजार वर्षांपूर्वीची आहेत, हे मत शालेय पुस्तकांपासून पर्यटनपत्रकांपर्यंत सर्वत्र रूढ आहे. युनेस्कोच्या वर्णनातही दोन हजार वर्षांचाच उल्लेख आहे. हे मत मुख्यतः हेन्री ऑटली बायर आणि रॉय फ्रँक्लिन बार्टन या दोन अमेरिकन मानवशास्त्रज्ञांचे आहे. ते उत्खननावर आधारलेले नाही. एवढे डोंगर हातांनी खोदून बांधायला किती पिढ्या लागल्या असतील, या अंदाजावर त्याची मुख्य भिस्त आहे. बायर यांनी त्याला बाहेरून आलेल्या लोकांच्या स्थलांतरलाटांच्या कल्पनेची जोड दिली. ती कल्पना आता मागे पडली आहे.

मानवशास्त्रज्ञ फेलिक्स कीसिंग यांनी १९६२ मध्ये स्पॅनिश कागदपत्रांच्या आधारे वेगळा विचार मांडला. स्पॅनिश सत्ता मागात नदीच्या खोऱ्यात शिरल्यावर तेथील लोक डोंगरात सरकले आणि त्यानंतर खाचरे झाली, असे त्यांचे म्हणणे होते. मिशनऱ्यांच्या सतराव्या-अठराव्या शतकांतील लेखनात या प्रचंड खाचरांचा उल्लेख जवळजवळ नाही. तो १८०१ च्या सुमारास येतो, याकडे या पक्षाचे अभ्यासक बोट दाखवतात. अनुल्लेख हा पुरावा दुबळाच, कारण मिशनरी या डोंगरांत फारसे पोचलेच नव्हते. परंतु फ्रान्सिस लांब्रेख्त या बेल्जियन धर्मोपदेशकानेही स्थानिक गीते व विधी यांच्या अभ्यासातून अलीकडच्याच काळाकडे कल दाखवला. पुरातत्त्वज्ञ रॉबर्ट माहर यांनी १९७० च्या दशकात रेडिओकार्बन कालमापनाचा (कोळशासारख्या अवशेषांतील किरणोत्सारी कार्बनावरून वय काढण्याचा) प्रयत्न केला, आणि १९८० मध्ये मानवशास्त्रज्ञ हॅरल्ड कॉन्क्लिन यांचा या प्रदेशाचा सविस्तर मानववांशिक नकाशासंग्रह प्रसिद्ध झाला. मात्र हाती असलेले नमुने थोडे होते आणि त्यांवरून एकच उत्तर निघत नव्हते.

भिंतीत सापडलेल्या कोळशाचा काळ म्हणजे भिंत बांधल्याचा काळ नव्हे, ही यातली मूळ अडचण आहे. भराव घालताना जुन्या वणव्याचा कोळसा मातीबरोबर येऊ शकतो, आणि ढासळलेली भिंत पुन्हा रचताना नवा कोळसा आत जातो. पुरातत्त्वज्ञ स्टीफन आकाबादो यांनी २००९ मध्ये बानावेतील नमुन्यांचा विचार भिंतींच्या क्रमासह केला. आधी तळाची खाचरे, मग वरची, हा क्रम धरून त्यांनी बायेसियन (आधीची माहिती आणि नवी मापने एकत्र धरणाऱ्या) संख्याशास्त्रीय पद्धतीने काळ मोजला. विस्तार १६०० च्या सुमारास सुरू झाला असावा, असा त्यांचा निष्कर्ष आहे. २०१२ पासून कियांगानजवळच्या जुन्या कियांगान वस्तीवर स्थानिक संघटनेच्या सहभागाने उत्खनने झाली. तेथे सतराव्या शतकाच्या मध्यापूर्वीच्या थरांत पाणथळ भातशेतीचा पुरावा मिळाला नाही. अळूचे कंद पिकवल्याच्या खुणा मात्र मिळाल्या. पूर्वी अळूसाठी घातलेले छोटे ओले बांध पुढे भातासाठी वाढवले गेले, हे स्पष्टीकरण त्यामुळे बळावते.

हा वाद प्रांतात भावनेचाही आहे. दोन हजार वर्षांचे आयुष्य चारशेवर आणणे हा अपमान वाटणे स्वाभाविक आहे. तथापि आज उपलब्ध पुराव्याचे वजन अलीकडच्या काळाच्या बाजूने पडते. ते मान्य केले तर ही खाचरे परकीय सत्तेपुढे न नमलेल्या लोकांनी काही पिढ्यांत एकदिलाने उभारलेली ठरतात. प्रस्तुत लेखकाला तरी हे कर्तृत्व प्राचीनतेपेक्षा थोर वाटते.

शेती आणि विधी : येथील पारंपरिक भाताला ‘तिनावोन’ म्हणतात. वर्षातून एकदाच येणारे, असा त्याचा अर्थ. लावणी साधारणपणे जानेवारी ते मार्च आणि कापणी जून ते ऑगस्ट या काळात होते. गावागावांत फरक असतो. प्रत्येक शेतविभागात ‘तोमोना’ हा शेतीचा प्रमुख असतो. त्याच्या खाचरात आधी लावणी व्हायची, मग इतरांच्या. पाणी आणि माणूसबळ यांची वाटणी त्यामुळे आपोआप होते. लोंब्या एकेक करून लहान सुरीने खुडतात, जुड्या बांधून उन्हात वाळवतात आणि कोठारात रचतात. कोठाराची राखण ‘बुलुल’ या लाकडी मूर्ती करतात. चार खांबांवर उभ्या असलेल्या इफुगाओ घराच्या प्रत्येक खांबाला वरच्या टोकाशी लाकडाची जाड गोल चकती बसवलेली असते. खांब चढून आलेला उंदीर तिच्या पोटाशी अडतो.

‘हुडहुड’ ही दीर्घ कथागीते कापणी, बेणणी आणि मृताजवळचे जागरण या प्रसंगी गातात. मुख्य गायिका बहुधा वयस्क स्त्री असते व इतर जणी साथ देतात. अलिगुयोन आणि पुंबाखायोन हे दोन वीर वर्षानुवर्षे तुल्यबळ लढून शेवटी एकमेकांच्या बहिणींशी लग्न करतात, ही कथा त्यांत प्रसिद्ध आहे. हुडहुडला युनेस्कोची मान्यता २००१ मध्ये मिळाली. हुंगदुआनमध्ये कापणी संपल्यावर नदीच्या पात्रात ‘पुन्नुक’ हा रस्सीखेचीचा विधी होतो. २०१५ मध्ये कंबोडिया, दक्षिण कोरिया आणि व्हिएतनाम येथील रस्सीखेचींबरोबर त्याची युनेस्कोकडे नोंद झाली. विधी करणाऱ्या ‘मुंबाकी’ची संख्या घटत आहे आणि विधींचे पाठ तोंडीच चालत आल्याने ती चिंतेची बाब आहे.

खाणेपिणे : विधी आणि पाहुणचार दोन्हींत ‘बायाह’ ही तांदळाची दारू लागते. चिकट तांदूळ आधी कढईत तांबूस होईपर्यंत भाजतात, मग शिजवून पसरतात. गार झालेल्या भातावर ‘बुबोद’ या वाळवलेल्या विरजणाची पूड भुरभुरतात, केळीच्या पानांत गुंडाळून ठेवतात आणि रस सुटू लागला की मडक्यात भरतात. भाजण्यामुळे तिला तपकिरी झाक येते. कॉर्दिलेरात सर्वत्र आढळणारा ‘पिनिकपिकान’ हा कोंबडीचा पदार्थ मूळचा विधीतला आहे. मुंबाकी कोंबडीच्या पित्ताशयावरून शकुन पाहतो. कोंबडीला मारण्यापूर्वी काठीने ठोकण्याच्या रीतीवर आक्षेप घेतले जातात. १९९८ चा प्राणिकल्याण कायदा जमातीच्या रूढ विधींना सूट देतो, हॉटेलातल्या ताटाला देत नाही. सुपारी, विड्याचे पान आणि चुना यांचा ‘मोमा’ आल्यागेल्याला पुढे केला जातो. मराठी घरात पानाचे तबक पाहिलेल्याला तो समजावून सांगावा लागत नाही.

प्रवास : मानिलाहून बानावेला रात्रीच्या बसने नऊ ते दहा तास लागतात. पुढे जीपनी (सामायिक प्रवासी गाडी) किंवा तीनचाकीने बटाडच्या दिशेने जाता येते. मोटाररस्ता संपल्यावर पायवाट आहे. गाव अर्धवर्तुळाकार खाचरांच्या तळाशी वसले असून तेथून ताप्पिया धबधब्यापर्यंतची उतरण खडी आहे. चालायचे ते बांधांवरूनच, आणि बांध पावसात निसरडा होतो. स्थानिक वाटाड्या घ्यावा, कारण कोणता बांध नुकताच रचलेला आणि कच्चा आहे हे त्यालाच ठाऊक असते. पाणी भरलेली, आरशासारखी खाचरे लावणीच्या आधी दिसतात, हिरवी एप्रिल-मेमध्ये, पिवळी जून-जुलैमध्ये.

ऱ्हास आणि दुरुस्ती : पडीक पडणारी खाचरे, तुटलेले पाट आणि अनियंत्रित बांधकामे यांमुळे २००१ मध्ये ही खाचरे धोक्यातील वारशाच्या यादीत गेली. सुधारणा दिसल्यावर २०१२ मध्ये ती तीतून बाहेर आली. गांडुळांनी पोखरलेले बांध आणि १९८० च्या दशकात खाण्यासाठी म्हणून देशात आणलेली दक्षिण अमेरिकी सोनेरी गोगलगाय हे शेतकऱ्यांचे नेहमीचे शत्रू आहेत. ही गोगलगाय कोवळी रोपे फस्त करते. ढासळलेली भिंत रचायला आजही नदीतले दगड माणसेच पाठीवर वाहून आणतात, आणि तरुण मुले शिक्षण-नोकरीसाठी शहरांत गेल्याने त्या पाठी कमी पडत आहेत.