"पण तुम्ही तर शिंदे!" : मराठी ख्रिश्चन परका कधी झाला?

नगर, जालना, सोलापूर भागातल्या कुठल्याही मराठी ख्रिश्चन माणसाला विचारा, नवीन ऑफिसात नाहीतर भाड्याची खोली बघताना एक डायलॉग ठरलेला असतो, "ख्रिश्चन? पण तुम्ही तर शिंदे!" आणि वसईच्या लोपीस किंवा डिमेलोच्या वाट्याला बरोबर उलटं येतं, "अरे वा, मराठी छान बोलता हो तुम्ही!" आता ज्याची आजी लाल लुगडं नेसायची, वाडीतली केळी आणि भाजी मुंबईच्या बाजारात नेऊन विकायची, त्याने यावर थँक्यू म्हणायचं की काय करायचं. एकाचं आडनाव फारच आपल्यातलं निघालं म्हणून प्रॉब्लेम, दुसऱ्याचं अजिबात वाटत नाही म्हणून प्रॉब्लेम. ही भानगड नक्की कुठून सुरू झाली ते बघू.

सुरुवात पोर्तुगीजांपासून. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशाहने तह करून वसई त्यांना दिली आणि पुढची दोनशे वर्षं वसई, साष्टी (आजची मुंबईची उपनगरं) हा सगळा पट्टा त्यांच्याकडे राहिला. त्या काळात सामवेदी, वाडवळ, कोळी, भंडारी अशा सगळ्या समाजातले लोक ख्रिस्ती झाले, कोणी जबरदस्तीने, कोणी सवलतींसाठी, कोणी गाव गेलं म्हणून मागोमाग. विहिरीत पाव टाकला आणि पाणी प्यायलेलं अख्खं गाव बाटलं ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. खरी किती खोटी किती ते सोडा, पण त्या गोष्टीत पाव टाकणारा जेवढा दिसतो तेवढेच पाणी प्यायलेल्यांना परत घरात न घेणारेही दिसतात, हे मात्र सहसा कोणी बोलत नाही. १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज गेले, ख्रिस्ती झालेले लोक तिथेच राहिले. शेती तीच, बोली तीच, लग्नातली गाणी बऱ्यापैकी तीच, फक्त आडनावं गेलेल्या राज्यकर्त्यांची.

मुंबईत तर अजून गंमत. इंग्रजांच्या काळात गोव्याहून आणि मंगळूरहून कॅथलिक लोक नोकरीसाठी यायला लागले, त्यांचीही आडनावं फर्नांडिस, परेराच, मग इथल्या मूळच्या लोकांना वाटलं की आपण वेगळे आहोत हे सरकारला कळायला पाहिजे. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, त्यांनी स्वतःला 'ईस्ट इंडियन' म्हणवून घ्यायला सुरुवात केली. म्हणजे आम्हीच इथले भूमिपुत्र हे सांगायला जे नाव घेतलं तेच सगळ्यात परकं वाटणारं निघालं! आजही बऱ्याच लोकांना ईस्ट इंडियन म्हणजे बंगाल-बिहारकडचे वाटतात.

गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय होतं, त्याची कटू आठवण आपल्याकडे अजून आहे आणि ती असणारच. पण त्याच गोव्यात रायतूरला १६१६ मध्ये फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइटाचं (म्हणजे येशूसंघाच्या कॅथलिक पाद्र्याचं) क्रिस्तपुराण छापलं गेलं, मराठी ओव्यांमध्ये. मराठीची थोरवी सांगायची असली की त्याच्या ओव्या आपण हमखास वापरतो, पण ज्या नवख्रिस्ती लोकांसाठी ते लिहिलं होतं त्यांच्या वंशजांना मात्र तुमची भाषा कोणती म्हणून विचारतो.

दुसरी वाट अमेरिकन मिशनची आणि ती पूर्ण वेगळी आहे. कंपनी सरकारला आधी मिशनरी नकोच होते, उगाच लोक भडकतील आणि धंदा बसेल म्हणून. १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट मुंबईत आले, १८३१ ला मिशन नगरला पोचलं. तिथे मुलींच्या शाळा निघाल्या, मिस फेरार तिथे शिकवायच्या, जोतीरावांनी त्यांच्या शाळा बघितल्या आणि सावित्रीबाईंचं शिक्षिकेचं ट्रेनिंग त्यांच्याकडे झालं. १८४२ ला मिशनचं 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघालं. छपाई, शाळा, दवाखाने (मिरजेचं मोठं हॉस्पिटल डॉ. वानलेस यांचं, १८९४ चं), हे सगळं लोकांनी वापरलं. आणि सोबत घाबरलेही.

ती भीती समजून घ्यायची तर मराठीतलं 'बाटणे' हे क्रियापद बघा. सोवळ्यातलं पाणी बाटतं आणि माणूसही बाटतो, दोन्हीला एकच शब्द. म्हणजे धर्म बदलणं हा विचार बदलण्याचा विषयच नव्हता, विटाळाचा होता. १८४३ ला नारायण शेषाद्री नावाचा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला, त्याचा लहान भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहून घरी परतला, तर त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावं की नाही यावर मुंबईत रणकंदन झालं. बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले तर त्यांनाच बोलणी खावी लागली. पोरगा परत येतोय तर येऊ द्या ना, पण नाही.

पंडिता रमाबाईंचं प्रकरण तर या सगळ्याचा कळसच म्हणायला पाहिजे. १८८३ ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, १८८९ ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळात. मग मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात अशी बोंब उठली, केसरीने झोडपून काढलं, १८९३ मध्ये सल्लागार बाहेर पडले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं साधं होतं, माझ्या खोलीचं दार उघडं असतं, मी कोणाला बोलवत नाही आणि हाकलतही नाही. यात त्यांची काहीच चूक नव्हती असं मी म्हणणार नाही, धार्मिक बाबतीत तटस्थ राहू म्हटल्यावर लोक तेवढी अपेक्षा करणारच. पण पुढे केडगावला दुष्काळातल्या शेकडो मुली-बायका ज्या बाईने सांभाळल्या, तिच्याबद्दल आपल्या शाळेत जेमतेम दोन ओळी होत्या.

कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं (लोकमान्य नव्हे) नशीब थोडं बरं. १८९५ ला ख्रिस्ती झाले, घर मोडलं, बायको लक्ष्मीबाई काही वर्षांनी परत त्यांच्याकडे गेल्या आणि पुढे स्वतःही ख्रिस्ती झाल्या. लक्ष्मीबाईंच्या आठवणी, 'स्मृतिचित्रे', आजही घरोघरी वाचतात. टिळकांनी चर्चमध्ये अभंग आणि भजन आणलं, त्यामुळे नगरकडच्या चर्चमध्ये रविवारी तबला-पेटी ऐकू आली तर दचकू नका.

पण हे झाले सगळे ब्राह्मण. गावागावात जे ख्रिस्ती झाले ते बहुतेक महार आणि मांग, विशेषतः १८७६-७८ च्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यात. मिशनने धान्य दिलं, काम दिलं, शाळा दिली आणि बाकी गावाने एका वाक्यात निकाल लावला, पोटासाठी बाटले. टिळक ख्रिस्ती झाले तर तो आध्यात्मिक शोध, आणि वेशीबाहेरचा माणूस झाला तर भाकरीचा व्यवहार! हा भेद आजपर्यंत चालू आहे.

स्वातंत्र्यानंतर त्यात राजकारण आलं. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी, तिथल्या सरकारने १९५४ ला नियोगी समिती नेमली, १९५६ ला रिपोर्ट आला की परदेशी पैशावर धर्मांतरं होतायत. चर्चवाल्यांनी तो एकतर्फी म्हणून नाकारला, पण आजचं धर्मांतरविरोधी बोलणं बरंचसं त्याच भाषेत चालतं. तिकडे हिंदी पिक्चरने वेगळंच चित्र पक्कं केलं, बापाच्या हातात बाटली, पोरगी क्लबात नाचणारी, आणि फादर फक्त लग्न लावायला नाहीतर कन्फेशन ऐकायला. तरी पोराच्या अॅडमिशनसाठी कॉन्व्हेंटच्या गेटवर पहाटे लाइन लावणारे आपणच.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाचा फटका सगळ्यात मोठा. अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना, मग १९५६ ला शिखांना, १९९० ला बौद्धांना मिळाला, ख्रिस्ती झालेल्या दलितांना नाही. त्यामुळे काही घरांत कागदावर एक आणि रविवारी एक असं चालतं, आणि मग त्यांनाच ढोंगी म्हणायला आपण मोकळे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिश्चन साधारण पावणेअकरा लाख, म्हणजे शंभरात एकही पूर्ण नाही. यातले कागदावर न आलेले किती ते कोण मोजणार. २०२२ मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग या प्रश्नावर नेमला, त्याला पुढे मुदतवाढ मिळाली.

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाला फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. जन्म वसईचा, आयुष्यभर मराठीत लिहिलं, 'सुवार्ता' मासिक चालवलं, वसईची हिरवळ वाचवायला आंदोलन केलं. तरी निवड झाल्यावर विरोध झाला, धमकीचे फोन आले, कारण काय तर पाद्री. आणि १९५२ ला मद्रासमध्ये इंग्लंडला हरवून भारताने पहिली टेस्ट जिंकली तेव्हाचे कॅप्टन विजय हजारे, सांगलीचे, ते ख्रिश्चन होते हे दरवर्षी त्यांच्या नावाची ट्रॉफी बघणाऱ्या माझ्या मित्राला मी मागच्या सीझनला सांगितलं, तर तो म्हणाला, "छे रे, हजारे कसे असतील?"