गोपूजा (सातारा-सांगली परिसर)

सातारा व सांगली जिल्ह्यांतील शेतकरी घरांत गाईला देवता मानून पाळली जाणारी व्रते, सण आणि रोजचे आचार. गाईच्या पोटात तेहतीस कोटी देव ही श्रद्धा इथेही आहे. पण या भागातल्या गोपूजेची मुळे दुधापेक्षा बैलात अधिक आहेत.

माण, आटपाडी, जत या कमी पावसाच्या पट्ट्यातली गाय म्हणजे खिलार. पांढरी-करडी, काटक, मागे वळून टोकदार झालेल्या लांब शिंगांची. वासराला पाजून तिचे दूध घरापुरते उरले तरी पुष्कळ. तरीही ती दावणीला हवी, कारण तिचा खोंड नांगराला, मोटेला आणि पुढे उसाच्या गाडीला जुंपायचा. दुभत्याचा भार म्हशीने उचलला. घरचे दही-तूप आणि डेअरीचा पैसा बहुतांशी तिच्यावर चालला, पण धर्माने तिच्या रेड्याला यमाचे वाहन करून ठेवले. गोमातेचा मान काही तिच्या वाट्याला आला नाही. मूळच्या खटाव तालुक्यातील कटगुणच्या घराण्यातले जोतीराव फुले यांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये गुराढोरांची घट शेतकऱ्याच्या दैन्याच्या कारणांत धरली, तीही प्रामुख्याने बैलांची वाण पडते म्हणून.

वसुबारस आश्विन वद्य द्वादशीला येते. तिन्हीसांजेला सवत्स गाईच्या पायांवर पाणी घालतात, हळदकुंकू लावून ओवाळतात. उपास धरणारी बाई गहू आणि मूग खात नाही, दूधदुभत्यालाही शिवत नाही. बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी यांवर उपास सुटतो. दिवाळीच्या दिवसांत अंगणात शेणाचे पांडव आणि गवळणी घालतात. बोटभर उंचीच्या या बाहुल्यांना झेंडूची फुले खोचतात, हळदकुंकू वाहतात. शहरात गेलेल्या घरांनी वसुबारस टिकवली, शेणाचे पांडव मात्र बहुतेक ठिकाणी सुटले, कारण ताजे शेण आणि मातीचे अंगण दोन्ही लागते.

बैलांचा सण बेंदूर. राज्यात इतरत्र पोळा श्रावण-भाद्रपदात होतो, इथे बेंदूर आषाढ पौर्णिमेच्या सुमारास येतो. कर्नाटकाला लागून असलेल्या गावांत कर्नाटकी बेंदूर त्याच्या महिनाभर आधी, ज्येष्ठात होतो. आदल्या दिवशी खांदेमळणी: जुवाने घट्टे पडलेल्या खांद्यांना तेल-हळद चोळतात. बेंदराला बैलांना धुऊन शिंगे रंगवतात, पुरणपोळी चारतात आणि काही गावांत वेशीत आडवा बांधलेला दोर, म्हणजे कर, पळत्या बैलांकडून तोडून घेतात. ज्यांच्या दारी बैल नाही ते मातीचे बैल पुजतात. ट्रॅक्टर आल्यापासून अशी घरे वाढत गेली.

रोजच्या आचारात नैवेद्याचे पान गाईपुढे ठेवणे, श्राद्धाला गोग्रास काढणे, शेणाने सारवणे, वास्तुशांतीला गाय-वासरू दारात आणणे हे येते. जनावर विकताना दावे बरोबर न देण्याची रीत अनेक घरे पाळतात. दाव्याबरोबर लक्ष्मी जाते अशी समजूत आहे. माण तालुक्यातील गोंदवले येथे गोंदवलेकर महाराजांनी (1845–1913) गाई पाळल्या, संस्थानाची गोशाळा आजही चालते.

या पूजेला दुसरी बाजू आहे, ती गोडव्यात सहसा सांगितली जात नाही. जिवंत गाय पुजायची सवर्णांनी आणि मेलेली ओढायची महारांनी, अशी गावगाड्याची वाटणी होती. साताऱ्याच्या शाळेत शिकलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरे ओढणे सोडण्याची हाक दिली. ते काम सोडणाऱ्यांना गावोगाव बहिष्कार सोसावे लागले.

संकरित गाई आल्यावर श्रद्धा आणि गोठा यांची फारकत झाली. होल्स्टिन असो वा जर्सी, गावात तिला सरसकट ‘जर्सी गाय’च म्हणतात. दूध भरपूर, पण तिच्या खोंडाला वशिंड नसल्यासारखेच, त्यामुळे जू नीट टेकत नाही. शेतकऱ्याच्या लेखी तो बिनकामाचा. राज्याच्या 1976च्या कायद्याने गाईची कत्तल बंद झाली होती; मार्च 2015पासून बैल आणि वळूही त्या बंदीत आले. त्यानंतर बाजारात म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक मिळणे अवघड झाले आणि वैरणीचा खर्च मालकाच्या गळ्यात राहिला. 2018-19च्या दुष्काळात माण-आटपाडीत चारा छावण्या उघडाव्या लागल्या, तेव्हा देशी, संकरित, भाकड सगळी एकाच रांगेत बांधली गेली. 30 सप्टेंबर 2024 रोजी राज्य सरकारने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केले आणि गोशाळांतील देशी गाईमागे दिवसाला 50 रुपये अनुदान ठरवले. शेतकऱ्याच्या दावणीची गाय या अनुदानात येत नाही. खिलार खोंडाला आज जो चढा भाव मिळतो तो शर्यतीच्या नादामुळे. सर्वोच्च न्यायालयाने मे 2023मध्ये बैलगाडा शर्यतींचा कायदा वैध ठरवल्यावर हा नाद आणखी वाढला आहे.