‘गिअरबॉक्स गेला’ म्हणण्याआधी दांड्यापाशी पी आहे का बघा

इंदुरात आपल्या मंडळींत कुणाची ऑटोमॅटिक गाडी अडली की सल्ले ठरलेले. एक म्हणतो गिअरबॉक्स बदला, दुसरा म्हणतो क्लच टाकून घ्या, तिसरा म्हणतो कटकटच नको, मॅन्युअल करून टाका. गाडी एएमटी आहे की टॉर्क कन्व्हर्टरची, म्हणजे कोणत्या प्रकारची ऑटोमॅटिक, हे कुणीच विचारत नाही. अशाने लोकांचे पैसे नाहक जातात आणि मला ते बघवत नाही.

मॅन्युअल गाडी तुम्हाला ठाऊकच आहे. एएमटी म्हणजे तीच गाडी. 2014 मध्ये सेलेरिओतून ती आपल्याकडे आली तेव्हापासून लोक तिला ऑटोमॅटिक म्हणतात, पण आतला गिअरबॉक्स मॅन्युअलचाच आणि क्लचप्लेटही तशीच कोरडी. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तेवढं माणसाऐवजी अ‍ॅक्च्युएटर नावाचं यंत्र करतं.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये अशी कोरडी प्लेट नसतेच. तिथे तेल असतं. इंजिन एका बाजूची पाती फिरवतं, ती तेल फेकतात आणि त्या जोरावर समोरची पाती फिरतात. क्लच आहेत, पण ते गिअरबॉक्सच्या पोटात, तेलात बुडालेल्या पातळ चकत्यांचे. म्हणून एएमटीला ‘गिअरबॉक्स बदला’ हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा, आणि टॉर्क कन्व्हर्टरला ‘क्लच टाका’ हा तर निरर्थकच.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या काकांची एएमटी ओंकारेश्वरहून येताना भेरूघाटात अडकली. चढावर ट्रकांची रांग, आणि काका ब्रेक न लावता अ‍ॅक्सिलरेटरवरच गाडी धरून उभे. आधी जळका वास, मग इंजिन ओरडतंय पण गाडी जागची हलत नाही. एका गॅरेजने पूर्ण गिअरबॉक्सचा खर्च सांगितला, लाखाच्या घरातला. मी म्हटलं, ‘काका, आधी उतरवून बघू, मग ठरवा.’ आमच्या मिस्त्रीने बॉक्स उतरवला. प्लेट रिव्हेटांपर्यंत झिजलेली, फ्लायव्हीलवर, म्हणजे प्लेट ज्यावर टेकते त्या इंजिनाच्या जड चाकावर, तापून निळसर डाग, गिअर मात्र धडधाकट. क्लचसेट टाकला आणि फ्लायव्हील घासून घेतलं. तरी गाडी पहिल्या गिअरला झटके देत होती, कारण नवा क्लच नेमका कुठे पकडतो हे स्कॅनर लावून कंट्रोलरला, म्हणजे गिअरबॉक्स चालवणाऱ्या गाडीतल्या कॉम्प्युटरला, शिकवावं लागतं. ते केल्यावर झटके गेले. ज्याच्याकडे स्कॅनर नाही त्याला एएमटीच्या क्लचला हात लावू देऊ नका.

ओळखायचं कसं? आपल्याकडच्या बहुतेक एएमटींच्या गिअरच्या दांड्यापाशी पी, म्हणजे पार्किंगची खूण, नसतो. पी असेल तर बहुधा टॉर्क कन्व्हर्टर, किंवा सीव्हीटी वा डीसीटी हे ऑटोमॅटिकचे आणखी दोन प्रकार. नक्की कोणतं ते गाडीच्या पुस्तकात बघा.

टॉर्क कन्व्हर्टरवाल्यांनी आधी तेल बघावं. तेल ठीक आहे पण गिअर उशिरा पडतोय, तर दोष तेलाची वाट ठरवणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीचा किंवा तिच्यातल्या विजेवर चालणाऱ्या झडपेचा, म्हणजे सोलेनॉइडचा, असू शकतो. तो दुरुस्त होतो. तेल काळं, जळक्या वासाचं आणि तळाशी चकत्यांचा चुरा असेल, तर नुसतं तेल बदलून भागत नाही. तिथे बॉक्स उघडून बांधून घेणं किंवा बदलणं, दोनच वाटा. बांधणारा कसबी असेल तर मी बांधून घेईन. तसा माणूस हाताशी नसेल तर बदलेन. अपघातातल्या गाडीचा जुना बॉक्स मी कधीच घेणार नाही. त्याचं तेल कधी बदललं होतं हे सांगणारा कुणी नसतो.

मॅन्युअल करून घ्यायला माझा साफ नकार आहे. पेडल, फ्लायव्हील, वायरिंग, कंट्रोलर, सगळंच बदलावं लागतं आणि पुढे गाडी विकताना गिऱ्हाईक हात लावत नाही.

आणि टॉर्क कन्व्हर्टरची गाडी बंद पडली तर टोचन लावून ओढत आणू नका. तिचा तेलाचा पंप इंजिन चालू असेल तरच फिरतो. इंजिन ज्यांना फिरवतं ती चाकं रस्त्यावर ठेवून ओढली तर आतले गिअर तेलाविना फिरतात आणि दुरुस्त होण्यासारखा बॉक्स गॅरेजात पोचेपर्यंत खरंच जातो. सपाट पाटाचा ट्रक मागवा.