सक्तीची जोडविक्री (संगणक व सॉफ्टवेअर)

नव्या संगणकात आधीच बसवलेले सॉफ्टवेअर, मुख्यतः ऑपरेटिंग सिस्टिम (यंत्र चालते ठेवणारा मूळ प्रोग्रॅमसंच), नको असले तरी घ्यावे लागणे आणि त्याचे पैसे यंत्राच्या किमतीतूनच मोजावे लागणे, अशी विक्रीपद्धत. युरियाच्या गोणीबरोबर विक्रेता दुसरे एखादे उत्पादन गळ्यात मारतो त्याला महाराष्ट्रातील शेतकरी ‘लिंकिंग’ म्हणतात. प्रकार तत्त्वतः तोच. मात्र खताच्या दुकानात दोन वस्तू डोळ्यांना दिसतात. लॅपटॉपच्या बिलावर ‘नोटबुक, १ नग’ अशी एकच ओळ असते, पुढे एचएसएन (करासाठीचा वस्तू-संकेतांक) ८४७१ आणि १८ टक्के जीएसटी. त्यात सॉफ्टवेअरचे किती, हे त्या कागदावरून कळत नाही.

पद्धतीचा आरंभ कोठे धरावा याविषयी एकमत नाही. विंडोज बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टपासून सुरुवात करण्याचा प्रघात सोयीचा आहे, पण अपुरा वाटतो. १९६० च्या दशकात सॉफ्टवेअर स्वतंत्रपणे क्वचितच विकले जाई. आयबीएमचे यंत्र भाड्याने घेतले की प्रोग्रॅम, अभियंत्यांची मदत आणि प्रशिक्षण त्याच भाड्यात येई. २३ जून १९६९ रोजी कंपनीने ही मोट सोडत असल्याचे जाहीर केले : सुरुवातीला १७ प्रोग्रॅमना वेगळा दर, आणि यंत्रांच्या दरात ३ टक्के कपात. एका मतानुसार याचे कारण कायद्याचा धाक. अमेरिकेच्या न्याय खात्याने त्याच वर्षी जानेवारीत मक्तेदारीविरोधी दावा लावला होता. दुसऱ्या मतानुसार सॉफ्टवेअरवरचा वाढता खर्च यंत्राच्या भाड्यात जिरवणेच परवडेनासे झाले होते. दोन्ही कारणे खरी असावीत. तथापि तारखांची जवळीक पाहता पहिल्याचे पारडे जड दिसते. या वादात एक गोष्ट सहसा मागे पडते. यंत्र चालते ठेवणारा मूळ प्रोग्रॅमसंच तेव्हाही वेगळा काढला गेला नाही, तो यंत्राबरोबरच राहिला. ‘ऑपरेटिंग सिस्टिम हा यंत्राचाच भाग’ या पुढील काळातील युक्तिवादाचे मूळ बहुधा येथे आहे.

व्यक्तिगत संगणकाची सुरुवात मात्र निवडीने झाली. १९८१ च्या आयबीएम पीसीसाठी ऑपरेटिंग सिस्टिम वेगळी विकत घ्यावी लागे. पीसी-डॉस सुमारे ४० डॉलरला होती, तर थोड्या काळाने आलेली सीपी/एम-८६ सुमारे २४० डॉलरला. निवड कागदावर होती, ग्राहकाने कोणती केली हे किमतींवरूनच समजते.

सक्ती आली ती उत्पादकांशी झालेल्या करारांतून. १९८८ पासून मायक्रोसॉफ्टने ‘प्रति-प्रोसेसर’ परवाने देण्यास आरंभ केला. असा करार करणाऱ्या उत्पादकाला ठरलेल्या प्रोसेसरचा प्रत्येक संगणक विकताना स्वामित्वशुल्क भरावे लागे, मग त्यात एमएस-डॉस ही मायक्रोसॉफ्टची ऑपरेटिंग सिस्टिम असो वा नसो. डीआर-डॉस ही प्रतिस्पर्धी प्रणाली बसवायची तर दोनदा पैसे. जुलै १९९४ मधील तडजोडीने हे परवाने बंद झाले. न्यायालयाची अंतिम मान्यता १९९५ मध्ये मिळाली. बी कंपनीची बीओएस ही प्रणाली विंडोजशेजारी बसवण्यावरून झालेला वाद २००३ मध्ये २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलर देऊन मिटवण्यात आला. मायक्रोसॉफ्टने चूक कबूल केली नाही.

ग्राहकांच्या चळवळीला आधार मिळाला तो परवान्यातल्याच एका वाक्याचा. अटी मान्य नसतील तर न वापरलेल्या सॉफ्टवेअरच्या परताव्यासाठी उत्पादकाशी संपर्क साधावा, असे पहिल्यांदा संगणक सुरू केल्यावर पडद्यावर येई. बहुतेक जण ते न वाचताच ‘मान्य’ दाबत. एका ऑस्ट्रेलियन ग्राहकाने तोशिबाकडून ११० ऑस्ट्रेलियन डॉलर परत मिळवल्यावर १५ फेब्रुवारी १९९९ रोजी लिनक्स व फ्रीबीएसडी या मोफत मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्यांनी कॅलिफोर्नियातील फॉस्टर सिटी येथे मायक्रोसॉफ्टच्या कार्यालयावर ‘विंडोज परतावा दिन’ मोर्चा नेला.

युरोपातील न्यायनिर्णय एका दिशेचे नाहीत. इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये (निर्णय १९१६१) परवाना नाकारणाऱ्याला सॉफ्टवेअरपुरता परतावा द्यावा, यंत्र परत करण्याची अट घालू नये, असे ठरवले. पुढे मोंझा येथील न्यायालयाने ४२ युरोंच्या परताव्यासाठी झुंजवल्याबद्दल लेनोवोला २०,००० युरो भरपाई द्यायला लावली. उलट, फ्रान्समधून आलेल्या सी-३१०/१५ या प्रकरणात युरोपीय न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी म्हटले, की सॉफ्टवेअरसह संगणक विकणे ही स्वतःहून अनुचित प्रथा ठरत नाही आणि प्रत्येक प्रोग्रॅमची किंमत न सांगणे ही दिशाभूलही नव्हे. त्या ग्राहकाला सोनीने संपूर्ण यंत्र परत घेऊन ५४९ युरो देऊ केले होते. फक्त सॉफ्टवेअर परत घेण्यास नकार होता. दोन्ही न्यायालयांपुढचे प्रश्न वेगळे होते, त्यामुळे २०१६ च्या निर्णयाने इटलीचा निर्णय मोडीत निघाला असे मानणे घाईचे होईल.

भारतात स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ३(४) मध्ये जोडविक्रीचे करार येतात आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील ‘प्रतिबंधक व्यापारी प्रथे’च्या व्याख्येतही ते बसतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पर्धा आयोगाने गूगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला. त्यात आधीच बसवलेल्या ॲपचा प्रश्न होता, पण तो फोनसंबंधी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग जुळवून घेतलेल्या संगणकांबाबत हा प्रश्न उद्भवत नाही, कारण तेथे यंत्र कोरेच मिळते. तयार लॅपटॉपमध्ये ‘फ्रीडॉस’ (डॉससारखी एक मोफत प्रणाली) असा शेरा असलेली मॉडेले विंडोजशिवाय, सहसा कमी किमतीत विकली जातात.