कालवडींच्या खुराकासाठी किसान क्रेडिट कार्ड: इंदूर परिसरातल्या पशुपालकांसाठी

किसान क्रेडिट कार्ड फक्त पिकासाठी मिळतं, असं गोठा असलेले बरेच जण अजूनही धरून चालतात. 2019 पासून ते पशुपालनालाही लागू आहे. पेंड, चारा, औषधं, मजुरी, वीज-पाणी हा रोजचा खर्च त्यातून भागवता येतो.

स्वतःची जमीन असलीच पाहिजे असं नाही. गोठा मालकीचा किंवा भाड्याचा आणि जनावरं तुमची, एवढ्यावर अर्ज करता येतो. एकट्याने करा, भागीदारीत करा किंवा बचत गटातून. रक्कम जनावरांच्या संख्येवर ठरते आणि दर जनावरामागचा आकडा जिल्ह्याची तांत्रिक समिती ठरवते.

म्हणून बँकेआधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा आणि सगळ्या जनावरांच्या कानाला 12 अंकी बिल्ला लावून घ्या. कालवडींनाही! दुभत्या गाई दाखवायच्या आणि लहान जनावरं मोजायचीच नाहीत, ही चूक नेहमीची. कागद फार नाहीत: आधार, पॅन, पासबुक, फोटो, गोठ्याचा पुरावा किंवा भाडेकरार, बिल्ल्यांचे क्रमांक. जमीन असेल तर खसरा आणि बी-1 (जमिनीचे उतारे) जोडा. आधीचं पीककर्ज असेल तर ते सांगून टाका, बँकेला ते तसंही दिसतंच.

1 जानेवारी 2025 पासून 2 लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही. व्याज 7 टक्के, वेळेवर फेडलं तर 3 टक्के सूट, म्हणजे 4 टक्के. पशुपालनासाठी ही सवलत 2 लाखांपर्यंतच मिळते.

आता पैसा कुठे घालायचा? माझं मत विचाराल तर आधी पेंडीत. गव्हाच्या भुशात प्रथिनं जेमतेम 3 टक्के. तीन किलो भुसा खाल्लेल्या कालवडीच्या पोटात 90 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं जातात, एवढ्यावर ती वाढणार कशी? अर्धा किलो सोयाबीनची पेंड (आपल्या माळव्यात खली म्हटलं की दुकानदाराला लगेच कळतं) घातली तर 200 ग्रॅमच्या वर भर पडते. शिवाय पोटात चारा पचवणाऱ्या सूक्ष्मजीवांना नत्र मिळालं की तोच भुसा जास्त खाल्ला जातो आणि चांगला पचतो. मक्याचा भरडा स्वस्त पडतो म्हणून नुसता तोच भरपूर घातला तर उलटं होतं: पिष्ट वाढतं, आम्ल होतं, भुसा पचेनासा होतो. भरडा हवाच, पण पेंडीच्या जोडीला आणि हळूहळू वाढवत.

अर्ज देताना एका गोष्टीचा हिशेब घरीच करा. हे कर्ज वर्षभरात फेडायचं असतं आणि कालवड दुधाला यायला दोन-तीन वर्षं लागतात. हप्ता दुभत्या गाईंच्या दुधातूनच निघणार. तेव्हा गोठ्यात दूध देणारी किती आणि नुसती खाणारी किती, हे पाहूनच रक्कम मागा. तारीख चुकली की ती 3 टक्क्यांची सूट गेली.