बर्फावरच्या गाडीचा क्लच आणि सराफाचा काटा

गेल्या डिसेंबरात नागपूरच्या महाल भागातल्या एका गल्लीत माझी गियर नसलेली स्कूटर डाव्या अंगाने उघडून ठेवलेली होती. आधीच्या सर्व्हिसिंगपासून एक्सलेटर पिळला की इंजिनाचा आवाज चढायचा, पण गाडीचा वेग त्या मानाने वाढायचा नाही, अशी माझी तक्रार होती. मेकॅनिकने पुढच्या पुलीतून बोटाच्या पेराएवढे सहा रोलर काढले, तळहातावर झुलवून पाहिले आणि म्हणाला, "भाऊ, कोणीतरी हलके रोलर टाकले आहेत. इंजिन ओरडते, गाडी ओढत नाही." तळहाताच्या अंदाजावर माझा विश्वास बसेना. ते रोलर आणि त्याच्याकडचे योग्य मापाचे नवे रोलर रुमालात बांधून मी इतवारीतल्या एका ओळखीच्या सराफाकडे गेलो. सोने तोलायच्या काट्यावर प्रत्येक रोलरमागे अडीच ग्रॅमचा फरक निघाला. सराफाला तो फरक फार मोठा वाटला, मला क्षुल्लक वाटला. बरोबर सराफच होता.

हे अडीच ग्रॅम मला पुन्हा आठवले ते स्नोमोबाइलविषयी, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या यांत्रिक घसरगाडीविषयी वाचताना. आकाशातून पडणारा बर्फ म्हणजे फार तर उन्हाळ्याच्या तोंडावर होणारी गारपीट, एवढाच अनुभव असलेल्या नागपूरकराने स्नोमोबाइलच्या क्लचवर लिहावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु गुलमर्गला पर्यटकांना फिरवणारी ती गाडी आणि आमच्या सीताबर्डीच्या बाजारात दुहेरी रांगेत उभ्या असलेल्या स्कूटरी यांच्या पोटातली यंत्रणा मुळात एकच आहे. स्कूटरचा मेकॅनिक ज्याला वेरिएटर म्हणतो, त्यालाच स्नोमोबाइलवाले क्लच म्हणतात. डोंगरावर गाडी न्यायची झाली की त्यांना सर्वांत आधी हात घालावा लागतो तो यातच.

या यंत्रणेत दोन पुल्या आणि त्यांना जोडणारा, खाली निमुळता होत जाणारा रबरी बेल्ट असतो. प्रत्येक पुली दोन तबकड्यांची बनलेली असते. दोन उथळ ताटल्या पाठीला पाठ लावून उभ्या धरल्या तर त्यांच्यामध्ये जशी खोबण दिसते, तशा खोबणीत बेल्ट बसतो. तबकड्या एकमेकींपासून दूर असल्या की बेल्ट आसाजवळ खोल उतरतो आणि जवळ आल्या की कडेकडे ढकलला जातो. पुढची पुली इंजिनाच्या दांड्यावर असते. सुरुवातीला तिच्यातला बेल्ट लहान वर्तुळावर आणि मागच्या पुलीतला मोठ्या वर्तुळावर फिरतो, त्यामुळे पुढची पुली तीनहून अधिक वेळा फिरते तेव्हा मागची एकदा फिरते. वेग वाढत जातो तशी ही वर्तुळे हळूहळू अदलाबदल करतात आणि हे प्रमाण जवळपास एकास एक होते. गियर टाकावा लागत नाही, कारण पहिल्या आणि शेवटच्या गियरमधले सगळे गियर त्या खोबणीतच दडलेले असतात. हॉलंडच्या डाफ कंपनीने १९५८ साली ही कल्पना मोटारीत आणली; आपल्याकडे ती घरोघरी पोहोचली १९८४ च्या कायनेटिक होंडापासून.

पुढच्या पुलीच्या तबकड्या जवळ आणण्याचे काम वजने करतात. स्कूटरमध्ये हे सहा रोलर असतात. स्नोमोबाइलमध्ये बिजागरीवर झुलणारे, कोयरीच्या आकाराचे वक्र धातूचे तुकडे असतात, आणि त्यांतला एकेक साधारण पन्नास ते पंचाहत्तर ग्रॅमचा असतो. पुली फिरू लागली की ही वजने बाहेर फेकली जातात आणि उतरणीसारख्या पृष्ठभागावर रेटून तबकडी आत ढकलतात. याच्या उलट, तबकड्या उघड्या ठेवू पाहणारी एक स्प्रिंग आत असते. मागच्या पुलीत दुसरी स्प्रिंग आणि तिरक्या खाचा असतात. चाकावर ओझे वाढले की त्या खाचांमुळे मागच्या तबकड्या बेल्टला अधिक घट्ट आवळतात आणि बेल्टला परत हलक्या गियरकडे खेचतात. म्हणजे पुढची पुली इंजिनाच्या फेऱ्यांवरून निर्णय घेते आणि मागची रस्त्याच्या ओझ्यावरून. दोघींच्या ओढाताणीत बेल्ट जिथे स्थिरावतो, तोच त्या क्षणाचा गियर.

स्कूटर आणि स्नोमोबाइल यांच्यात एक फरक आहे. स्कूटरचा बेल्ट गाडी उभी असतानाही फिरत असतो आणि चाक जोडण्याचे काम मागचे क्लच शू, म्हणजे वेग वाढला की बाहेर फाकून पकड घेणारे तुकडे, करतात. स्नोमोबाइलमध्ये असा वेगळा क्लच नसतो. तिथे इंजिन मंद असताना बेल्ट पुढच्या पुलीत सैल पडलेला असतो आणि मिनिटाला साधारण साडेतीन हजार फेरे झाले की तबकड्या त्याला पकडतात. ही पकड कधी येते, याला डोंगरात फार महत्त्व आहे, आणि त्याकडे मी पुढे वळेन.

स्नोमोबाइलची बरीचशी इंजिने अजूनही टू-स्ट्रोक आहेत. डोंगरी गाडीतले ८५० सीसीचे इंजिन १६० अश्वशक्तीच्या पुढे जाते, पण ही सारी शक्ती मिनिटाला ८,००० फेऱ्यांच्या आसपासच्या एका अरुंद पट्ट्यात मिळते. फेरे चार-पाचशेने घसरले तरी इंजिनाचा जीव गेल्यासारखा वाटतो. म्हणून क्लच नीट जुळलेला असण्याची खूण अशी सांगतात की, एक्सलेटर पूर्ण दाबल्यावर फेरे दाखवणारा काटा आठ हजारांवर जातो आणि तिथेच खिळून राहतो. वाढतो तो फक्त गाडीचा वेग. इंजिन एका सुरात आणि गाडी मात्र पुढे पुढे, असे हे दृश्य गियरच्या मोटरसायकलची सवय असलेल्या माणसाला पहिल्यांदा बिघाडासारखेच वाटते.

आता ही गाडी डोंगरावर नेऊ. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याचे पुष्कळसे सपाट मैदान समुद्रसपाटीपासून तीनशे-चारशे मीटरवर आहे, म्हणजे उंचीने आपल्या नागपूरच्या जवळपास. नागपूर सुमारे ३१० मीटरवर आहे. मिनेसोटातले लोक हिवाळ्यात गाड्या ट्रेलरवर चढवून कोलोरॅडोच्या ३,००० मीटरच्या डोंगरांत जातात. प्रमाण वातावरणात, म्हणजे हिशेबासाठी ठरवून घेतलेल्या सरासरी हवेत, ३०० मीटरवर एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.१९ किलो असते, तर ३,००० मीटरवर ते ०.९१ किलो उरते. सिलिंडरमध्ये दर खेपेला शिरणारी हवा त्याच प्रमाणात घटते, आणि म्हणून इंजिनाचा जोरही जवळपास चतुर्थांशाने घटतो. दर ३०० मीटरला तीन टक्के शक्ती गेली, असा ढोबळ हिशेब मेकॅनिक लोक धरतात आणि तो या आकड्यांशी बऱ्यापैकी जुळतो.

वजनांवर मात्र हवेचा परिणाम होत नाही. त्यांचे बाहेर फेकले जाणे तीनच गोष्टींवर ठरते: त्यांचे वस्तुमान, वर्तुळाची त्रिज्या आणि फिरण्याच्या गतीचा वर्ग. यांत हवेची घनता कुठेच नाही. ८,००० फेऱ्यांना वजने मिनेसोटात जेवढ्या जोराने तबकडी रेटतात, तेवढ्याच जोराने कोलोरॅडोतही रेटतात. समोरचे इंजिन मात्र तेवढे बलवान राहिलेले नसते. परिणामी बेल्ट इंजिनाला पेलवण्याआधीच वरच्या गियरकडे ढकलला जातो, इंजिन दबते आणि काटा साडेसात हजारांवरच अडतो. शक्तीचा पट्टा अरुंद असल्यामुळे हे नुकसान दुहेरी होते. चतुर्थांश शक्ती हवेने नेलेली असते आणि उरलेल्यातली काही न जुळलेला क्लच खातो.

इंधनाच्या बाबतीत हा प्रश्न बराचसा सुटलेला आहे. पूर्वी उंचीवर जाताना कार्ब्युरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रे, बदलावी लागत. आता हवेचा दाब आणि तापमान मोजणारे सेन्सर असतात आणि इंजिनात पेट्रोल फवारणारी इंजेक्शन यंत्रणा त्याप्रमाणे पेट्रोल कमी करते. क्लचला असा सेन्सर नसतो. माझ्या मते या यंत्राचा मोठेपणा आणि मर्यादा दोन्ही यातच आहेत: वजने, स्प्रिंग आणि उतार एवढ्याच सामग्रीवर ते क्षणोक्षणी गियर ठरवते, पण ज्या हवेसाठी त्याला घडवले त्या हवेपुरतेच. अलीकडे काही डोंगरी गाड्यांना कारखान्यातूनच टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, येतो आणि सुमारे २,४०० मीटरपर्यंत इंजिनाची शक्ती घटू दिली जात नाही. अशा गाडीत त्या उंचीपर्यंत वजनांना फारसे हात लावावे लागत नाहीत, यावरूनच मूळ दुखणे हवेचे आहे हे कळते.

हवा विरळ व्हायला डोंगरच लागतो असेही नाही. डिसेंबरातल्या पहाटे दहा अंश तापमानाला नागपूरची हवा घनमीटरमागे जवळपास १.२ किलो भरते; मेमध्ये ४५ अंशांच्या दुपारी तीच १.०६ किलोच्या आसपास येते. म्हणजे जागचे न हलता आपण बारा टक्के हवा गमावतो, आणि प्रमाण वातावरणाच्या हिशेबाने शहर सुमारे १,४०० मीटर उंचीवर, चिखलदऱ्याच्याही वर, जाऊन बसते. गुलमर्ग २,६५० मीटरवर आहे, पण जानेवारीतली थंडी हवेला आकसून गाडीच्या बाजूने काम करते, आणि उणे पाच अंशांना तिथली हवा ०.९५ किलोच्या घरात राहते. आपली मेमधली दुपार आणि गुलमर्गची जानेवारीतली सकाळ यांत वाटते तेवढे अंतर नाही. उन्हाळ्यात स्कूटर उड्डाणपुलावर धापा टाकते, त्यात चालवणाऱ्याच्या मनाचे खेळ थोडेच असतात.

तर वजने हलकी करायची. किती करायची, इथे एक गंमत आहे. इंजिनाचा जोर वीस टक्के घटला तर वजनेही वीस टक्के कमी करावीत असे सहज वाटते, पण ते चुकते, कारण वजनांच्या रेट्यातला काही भाग उलट्या दिशेच्या स्प्रिंगला दाबण्यातच खर्च होतो आणि उरलेलाच बेल्टला मिळतो. समजा रेटा १०० आहे आणि स्प्रिंग ३० खाते. बेल्टला ७० मिळतात. बेल्टचा वाटा वीस टक्क्यांनी घटवून ५६ करायचा असेल तर एकूण रेटा ८६ हवा, म्हणजे वजनात घट फक्त चौदा टक्क्यांची. प्रत्यक्ष गणित याहून गुंतागुंतीचे असते, म्हणून अनुभवी लोक एक ढोबळ नियम वापरतात: प्रत्येक वजनातला एक ग्रॅम कमी केला की पूर्ण एक्सलेटरवरचे फेरे साधारण शंभर ते दीडशेने वाढतात. काटा साडेसात हजारांवर अडत असेल तर चार-पाच ग्रॅम काढून पाहायचे. स्की-डू या कंपनीच्या काही स्नोमोबाइलींत वजने न बदलता त्यांच्या उताराचा कोन पान्याने फिरवण्याची सोय असते, आणि तिच्या एका घरामागे सुमारे २०० फेरे बदलतात.

वजने हलकी केली की एक नवा त्रास उभा राहतो, आणि नवखा माणूस फसतो तो इथेच. तीच स्प्रिंग दाबायला हलक्या वजनांना अधिक गती लागते. वजन दहा टक्के घटवले तर वर्गमुळाच्या हिशेबाने पकड पाच टक्के उशिरा येते. ३,५०० फेऱ्यांना येणारी पकड ३,७०० च्या जवळ जाते. पक्क्या रस्त्यावर याने काही बिघडत नाही. पण कमरेएवढ्या भुसभुशीत बर्फात गाडी उभी असताना पकड हिसक्याने आली, तर चाकांच्या जागी गाडीखाली फिरणारा रबरी पट्टा तिला पुढे ओढण्याऐवजी बर्फ उपसतो आणि गाडी आपणच खणलेल्या खंदकात बसते. पावसाळ्यात काळ्या मातीच्या शेतात ट्रॅक्टरचे चाक कसे रुतते ते ज्याने पाहिले आहे, त्याला हे अधिक समजावून सांगायला नको. म्हणून वजनांबरोबर सुरुवातीला कमी ताण देणारी पुढची स्प्रिंगही बसवतात.

मागच्या पुलीतल्या तिरक्या खाचांचा कोन हा आणखी बारकाईचा विषय. डोंगरात वेग कमी आणि ओझे सतत बदलते असते. झाडांमधून वळताना एक्सलेटर सोडायचा आणि पुढच्याच क्षणी चढावर पूर्ण दाबायचा, असे मिनिटामिनिटाला चालते. त्या क्षणी बेल्ट चटकन खालच्या गियरला परत आला नाही तर गाडी उतारावर आडवी होते. अशा वापराला तुलनेने कमी कोनाच्या खाचा बऱ्या, कारण त्या बेल्टला लवकर मागे खेचतात. मोकळ्या मैदानात सुसाट जाणाऱ्याला मोठा कोन आवडतो.

हे सगळे करण्याआधी बेल्टकडे पाहावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. झिजून अरुंद झालेला किंवा तापून चकाकी आलेला बेल्ट, त्याच्या काळ्या भुकटीने माखलेल्या तबकड्या, झिजलेल्या बुशिंग (फिरत्या भागांना आधार देणाऱ्या नळ्या) यांपैकी काहीही असले तर काटा चुकीच्या जागी थांबतो, आणि माणूस वजनांत दोष शोधत बसतो. इंजिन आणि बेल्ट तापल्यानंतर, ज्या उंचीवर फिरायचे त्याच उंचीवर, मऊ बर्फाच्या लांब चढावर पूर्ण एक्सलेटर देऊन काटा पाहायचा. एका वेळी एकच बदल करायचा. फेरीनंतर गाडी बंद करून, पुल्या थांबल्यावर, त्यांना हात लावून पाहायचा; हात टिकत नसेल इतकी तबकडी तापली असेल तर बेल्ट घसरतो आहे आणि शक्ती उष्णतेत जाते आहे. वजने गरजेपेक्षा हलकी केल्याचीही हीच खूण असते, कारण त्यांची आवळ बेल्टला पुरत नाही.

परतीच्या वाटेवर ही सगळी कसरत उलटी करावी लागते. डोंगरासाठी हलकी केलेली वजने मैदानात तशीच राहिली तर दाट हवेत बळावलेले इंजिन आठ हजारांच्या पुढे पळते आणि टू-स्ट्रोक इंजिनाला ते फार काळ सोसत नाही. त्यामुळे जाणकार माणूस वजनांचे दोन संच दोन डब्यांत ठेवतो आणि डब्यांवर उंची लिहून ठेवतो.

माझ्या स्कूटरमध्ये झाले होते ते हेच: कोणीतरी नागपूरच्या सपाट रस्त्यासाठी तिला डोंगरी करून ठेवले होते. ते हलके रोलर मी फेकलेले नाहीत. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट दोघांनी बसून चढायचा असेल तर तेच बरे पडतील, असे महालातल्या मेकॅनिकचे म्हणणे आहे. पण जाताना आणि आल्यावर अशी दोनदा डावी बाजू उघडायची जी मजुरी तो सांगतो, ती घाटापेक्षा चढी आहे.